गोठ्यातले दुखणे (लेखांक 9) : वासराचा न उतरणारा ताप

गेल्या आठवड्यात वासरांच्या हगवणीचा विषय संपवला. आता त्याहून फसव्या दुखण्याकडे वळू. वासराला ताप येतो, इंजेक्शन दिले की उतरतो, दोन दिवसांनी पुन्हा चढतो. औषध बदलतात, परत बदलतात, आणि तेवढ्यात चांगली वाढीला लागलेली कालवड खंगून जाते. ‘कारण सापडत नाही’ असे ज्या तापाबद्दल म्हटले जाते, त्याचे कारण बहुतेक वेळा कोणी शोधलेलेच नसते, असे माझे ठाम मत आहे.

आधी ताप आहे का, ते मोजून ठरवा. कान गरम लागले म्हणजे ताप, हे खरे नाही. थर्मामीटर गुदद्वारात आतल्या भिंतीला टेकेल असा धरून सकाळ-संध्याकाळ मोजा आणि आकडा वेळेसह लिहून ठेवा. गाईचे सामान्य तापमान 101 ते 102.5 अंश फॅरनहाइट असते, लहान वासरात ते किंचित जास्त भरते. पत्र्याच्या गोठ्यात भर दुपारी मोजलेल्या आकड्यावर विसंबू नका. गार सकाळीही पारा 104 च्या वर असेल, तर तो ताप समजावा.

तिव्याचा ताप साधारण तीन दिवसांत ओसरतो. कोवळ्या वासराची नाळ सुजून पिकली असेल, तर ताप तिथून येतो, म्हणून बेंबी दाबून पाहावी. या दोन्हींत बसत नसेल आणि वासरू होल्स्टीन किंवा जर्सी संकराचे असेल, तर पहिला संशय गोचीड तापाचा, म्हणजे थायलेरिओसिसचा घ्यावा. देशी गाईंची वासरे हा रोग बरीच सोसतात, संकरित वासरे मात्र झपाट्याने ढासळतात.

थायलेरिया हा रक्तातला एकपेशीय परजीवी. गोचिडीच्या लाळेतून तो शरीरात शिरतो आणि आधी पांढऱ्या पेशींत वाढतो, त्यामुळे लसिका ग्रंथी सुजतात. खांद्याच्या पुढे कातडीखाली लिंबाएवढी गाठ हाताला लागते, ती यामुळेच. नंतर तो तांबड्या पेशींत उतरतो. मग डोळ्यांच्या पापण्या आतून पांढुरक्या पडतात, कधी पिवळ्या दिसतात, धाप लागते, खोकला येतो. काही वासरांचे डोळे सुजून बाहेर आल्यासारखे होतात. लघवी लाल होत असेल, तर दुसऱ्या गोचीडजन्य रोगाचा, बबेसियाचा विचार करावा लागतो. त्याचे औषध वेगळे आहे.

पेनिसिलीनसारखी जिवाणूंवरची प्रतिजैविके या परजीवीला मारत नाहीत. ताप उतरवणारे इंजेक्शन पारा तेवढा खाली आणते. वासरू जरा तरतरीत दिसते, मालक निर्धास्त होतो आणि आत रोग वाढतच राहतो. म्हणून औषध बदलण्याआधी काचपट्टी करून घ्या. कानाच्या टोकाशी टोचून काढलेला रक्ताचा थेंब काचेवर पातळ पसरायचा, वाळवायचा आणि रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा, एवढेच हे काम. सुरुवातीच्या दिवसांत रक्तात काही दिसेलच असे नाही. त्या वेळी डॉक्टर सुजलेल्या गाठीतून सुईने द्रव काढून त्याची पट्टी करतात, आणि निदान तिथे होऊ शकते. नमुना शक्यतो औषध सुरू होण्यापूर्वीच घेतलेला बरा.

निदान झाले की बुपारवाक्वोन हे नेमके औषध आहे. ते डॉक्टरांनीच, वासराच्या वजनाप्रमाणे द्यायचे. लवकर दिले तर गुण चांगला येतो. रक्त फार कमी झाल्यावर मात्र औषधाबरोबर दुसऱ्या जनावराचे रक्त चढवण्याची पाळी येते.

एक वासरू बरे झाले म्हणजे गोठा सुटला, असे होत नाही. बऱ्या झालेल्या जनावराच्या रक्तात परजीवी टिकून राहतो. त्याला चावलेली लहान गोचीड कात टाकते आणि पुढच्या अवस्थेत दुसऱ्या वासराला रोग देते. कात टाकायला ती जनावर सोडून भिंतीच्या भेगांत आणि गव्हाणीच्या सांध्यांत लपते. त्यामुळे अंगावर औषध फवारून अर्धेच काम होते. भेगा बुजवा, गोठ्यातही फवारणी करा. बाजारातून आणलेले जनावर गोचीड पूर्ण काढल्याशिवाय दावणीला बांधू नका.

संकरित वासरांसाठी ‘रक्षावॅक-टी’ ही लस आहे. दोन महिन्यांच्या वरच्या वासरांना ती देतात. ही जिवंत लस द्रवरूप नायट्रोजनमध्ये साठवावी लागते, म्हणून एकट्याने मिळवणे अवघड जाते. गावातल्या दूध संस्थेमार्फत एकत्र मागणी केली, तर काम सोपे होईल.

आज संध्याकाळी दूध पाजताना प्रत्येक वासराच्या दोन्ही खांद्यांपुढे हात फिरवा. गाठ लागली आणि ताप भरला, तर 1962 या क्रमांकावर फोन करा किंवा जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जा, आणि रक्ताची पट्टी करून द्या असे स्वतःहून सांगा.