विजेची मोटार घेण्याआधी ती पन्हाळ्यापर्यंत चालवून पाहा

लक्ष्मीपुरीत किंवा गांधीनगरच्या कापड बाजारात दोन व्यापारी भेटले की पूर्वी डिझेलची कुठली गाडी किती ॲव्हरेज देते याची चर्चा होत असे. आता विजेची मोटार घ्यावी का, हा सवाल असतो. 2001 साली बेंगळुरूची रेवा आली तेव्हा लोकांनी ती खेळण्यासारखी पाहिली. जानेवारी 2020 मध्ये टाटांची नेक्सॉन आली ती श्रीमंतांची म्हणून. सप्टेंबर 2022 मध्ये टियागो 8 लाख 49 हजारांपासून जाहीर झाली आणि मग दुकानदार माणूसही हिशोब मांडू लागला.

हा हिशोब शोरूमच्या काचेआड होत नाही, असे आमचे म्हणणे आहे. आपली वही आणि आपला रस्ता, या दोन ठिकाणी तो होतो.

आधी वही. आपली मोटार रोज किती किलोमीटर चालते हे महिनाभर लिहून ठेवावे. अंदाजाने सांगू नये, कारण अंदाज नेहमी फुगलेला असतो. समजा पेट्रोल 105 रुपये लिटर आहे आणि गाडी शहरात लिटरला 15 किमी देते, तर किलोमीटरला 7 रुपये पडतात. लहान विजेची मोटार घरच्या मीटरवर मोजलेल्या एका युनिटात साधारण 6 किमी जाते. युनिट 10 रुपयांचे धरले तर किलोमीटरला पावणेदोन रुपयांच्या आत. म्हणजे दर किलोमीटरला सव्वापाच रुपयांच्या आसपास बचत. आता विजेची गाडी 3 लाखांनी महाग पडत असेल तर ते पैसे भरून यायला 56 हजार किमी चालावे लागेल. हुपरी, इचलकरंजी, कागल अशी रोज 50 किमीची फिरती ज्याची आहे, त्याचे पैसे पावणेचार वर्षांत वसूल होतात. घर, दुकान आणि संध्याकाळी रंकाळा एवढेच ज्याचे 12 किमी आहेत, त्याला साडेपंधरा वर्षे लागतील! अशा बंधूंनी शेजाऱ्याने घेतली म्हणून घेऊ नये. 22 सप्टेंबर 2025 पासून लहान पेट्रोल मोटारींवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला. विजेच्या गाडीवर तो आधीच 5 टक्के होता. त्यामुळे किमतीतले अंतर पूर्वीपेक्षा वाढले आहे. मात्र महाराष्ट्रात विजेच्या गाडीला मोटार वाहन कर माफ आहे, आणि 10 लाखांच्या आतील पेट्रोल मोटारीला व्यक्तीच्या नावावर 11 टक्के भरावा लागतो. म्हणून दोन्ही किमती रस्त्यावर येईपर्यंतच्या लिहून घ्याव्यात आणि मगच वजाबाकी करावी.

आता रस्ता. शोरूमवाले जी फेरी देतात ती तीन-चार किलोमीटरची, सपाट हमरस्त्यावरची असते. तेवढ्यात कुठलीही विजेची गाडी आवडते. आवाज नाही, क्लच नाही, पाय ठेवला की सुसाट. हे खरेच सुख आहे, पण त्यासाठी कुणी 10 लाख मोजत नाही. आम्ही एका विक्रेत्याकडे 35 युनिटांच्या बॅटरीची गाडी मागितली आणि पन्हाळ्यापर्यंत नेऊ द्या म्हटले. बरोबर आलेला पोरगा शिवाजी पुलापाशीच म्हणाला, “मालक, इथूनच वळवूया की.” आम्ही वळवली नाही. गाडीत तिघे होतो आणि एसी चालू होता. निघताना पडद्यावर 86 टक्के होते. वाघबीळच्या पुढे चढ लागला तसा आकडा भराभर उतरू लागला आणि वर पोहोचलो तेव्हा 74 राहिले. 21 किमीला 12 टक्के गेले. पोराचा चेहरा पडला. परतीला मात्र तेच 21 किमी 5 टक्क्यांत झाले, कारण उतारावर मोटर जनरेटरसारखी चालून बॅटरी भरते. दोन्ही मिळून 42 किमीला 17 टक्के. त्रैराशिक मांडले तर पूर्ण बॅटरीत सुमारे 247 किमी. गाडीच्या कागदावरचा आकडा 400 च्या पुढचा होता.

यात कुणाची फसवणूक नाही. कागदावरचा आकडा प्रयोगशाळेत रोलरवर ठरवलेल्या वेगाने काढतात. तिथे ना चढ असतो ना आपली बिरादरी मागच्या सीटवर. दीड टन वजनाची गाडी 100 मीटर वर चढवायला नुसत्या उचलण्यापोटीच 0.4 युनिट लागते. गगनबावडा, आंबा किंवा फोंडा घाटाने कोकणात माल पाठवणाऱ्याने हे डोक्यात ठेवावे. जाताना घाट उतरतो म्हणून गाडी मजेत जाते. येताना पूर्ण चढ असतो, आणि नेमकी तेव्हाच बॅटरी अर्धी असते.

म्हणून चाचणीला जाताना खिशात कागद-पेन असावे. निघताना टक्के आणि किलोमीटर लिहावे, परतल्यावर पुन्हा लिहावे. गाडी आपल्या नेहमीच्या वजनाने भरावी. घरातील वडीलधाऱ्यांना मागे बसवावे. बॅटरी तळाशी असल्याने काही गाड्यांत मागची फरशी उंच येते आणि गुडघे वर होतात; अर्ध्या तासात कंबर बोलू लागते. ॲक्सिलरेटरवरून पाय काढताच गाडी स्वतः ब्रेक लावल्यासारखी थबकते. तो जोर कमी-जास्त करता येतो, तोही करून पाहावा, नाहीतर मागे बसलेल्यांना मळमळते. महाद्वार रोडच्या गर्दीत हळू चालवून पाहावी, कारण आवाज नसल्याने पायी चालणारा बाजूला होत नाही. डिकी उघडून स्टेपनी आहे की नुसते पंक्चरचे किट, हेही बघावे. आमच्या आडगावच्या रस्त्यांवर टायर फाटला तर किटचा काय उपयोग?

फेरी आवडली तरी बयाणा देऊ नये. आधी आपल्या घरी वायरमन बोलवावा. 15 ॲम्पिअरच्या सॉकेटवर ताशी जास्तीत जास्त 3 युनिटांच्या आसपास बॅटरीत जातात, म्हणजे रिकामी 35 युनिटांची बॅटरी भरायला रात्र पुरी पडेलच असे नाही. रोज 50 किमीला ती चिंता नाही. भिंतीवरचा 7 किलोवॅटचा चार्जर हेच काम पाच-सहा तासांत करतो, पण त्याला महावितरणकडून मंजूर भार वाढवून घ्यावा लागतो. पेठांतल्या जुन्या घरांत खरी अडचण अर्थिंगची आहे. अर्थिंग नीट नसेल तर चार्जर लाल दिवा दाखवून गप्प बसतो, आणि लोक समजतात गाडी बिघडली. वरच्या मजल्यावरून एक्स्टेन्शनची वायर गल्लीत सोडून गाडी भरण्याचा विचारही करू नये.

विजेच्या बिलाचे टप्पे ध्यानात घ्यावेत. वर्षाला 15 हजार किमी म्हणजे दरमहा 200 युनिटांहून अधिक. घरचा वापर 150 युनिटांचा असेल तर बिल 300 च्या वरच्या टप्प्यात शिरते, आणि तिथला दर आपण धरलेल्या 10 रुपयांपेक्षा चढा असू शकतो. आपले शेवटचे बिल समोर ठेवून हिशोब पुन्हा करावा. बाहेरच्या जलद चार्जरवर युनिटला 20 रुपये धरले तर किलोमीटरचा खर्च 3 रुपये 33 पैशांवर जातो आणि वर सांगितलेली पावणेचार वर्षे साडेपाच होतात. ज्याच्याकडे स्वतःची पार्किंगची जागा नाही त्याने ही गाडी सध्या तरी घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पुण्याचा प्रश्न सगळे विचारतात. अंतर सुमारे 230 किमी. आमच्या त्रैराशिकाने गाडी कशीबशी पोहोचेल, पण महामार्गाच्या वेगाला वीज जास्त लागते आणि वाटेत खंबाटकीचा घाट आहे. कराड किंवा साताऱ्याला एकदा थांबावेच लागेल. जलद चार्जरवर 80 टक्क्यांपर्यंत बॅटरी लवकर भरते, पुढे धार बारीक होते; तेव्हा 80 ला उठावे. ज्या चार्जरवर भरवसा ठेवणार तो गाडी घेण्यापूर्वी एकदा जाऊन चालू आहे का पाहावा.

आपल्यातील बरेच जण व्याजी कर्ज टाळतात आणि रोखीने घेतात. त्यांना सुरुवातीची जास्त रक्कम हाच मोठा अडसर आहे. सप्टेंबर 2024 मध्ये एमजीची विंडसर आली ती बॅटरी भाड्याने देण्याच्या योजनेसह: गाडी 9 लाख 99 हजारांपासून आणि बॅटरीचे भाडे किलोमीटरला साडेतीन रुपये. वीज धरून किलोमीटरला सव्वापाचच्या आसपास पडतात, म्हणजे पेट्रोलपेक्षा अजूनही कमी. परंतु अशा योजनेत दरमहा किमान किती किमीचे भाडे द्यावेच लागते, आणि ‘भाडे’ या शब्दामागे एखाद्या फायनान्स कंपनीचे कर्ज व व्याज आहे का, हे करारनाम्यात पाहावे. आम्ही इथे फतवा देत नाही. करारनामा पुरा वाचून मग जाणकार आलिमांना दाखवावा; जाहिरात दाखवू नये.

ज्यांचे काम मालाचे आहे त्यांनी मोटारीऐवजी मालवाहू गाडीचा विचार करावा. मे 2022 मध्ये जाहीर झालेली एस ईव्ही 600 किलो माल घेते आणि तिची बॅटरी 21.3 युनिटांची आहे. चपलांचे खोके, रेडिमेड कपडे यांना ती पुरते. लोखंडी कास्टिंगला नाही. जीएसटी नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याला मालवाहू गाडीवर भरलेल्या कराची वजावट मिळते, प्रवासी मोटारीवर बहुतेक वेळा मिळत नाही. शिवाय 2018 पासून बॅटरीवरील व्यावसायिक वाहनांना परमिटची गरज नाही.

पंचगंगेचा विषय कोल्हापुरात टाळून चालत नाही. ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला आणि तळघरांतल्या गाड्या बुडाल्या. विक्रेते सांगतात की बॅटरी ‘आयपी 67’ आहे. त्याचा अर्थ एवढाच की 1 मीटर पाण्यात अर्धा तास ठेवून तिची परीक्षा झाली आहे. महापूर अर्ध्या तासात ओसरत नाही. पुराच्या पट्ट्यात राहणाऱ्यांनी पाण्याने बॅटरी निकामी झाल्यास भरपाई मिळेल का, हे विमा पॉलिसीत लेखी पाहून घ्यावे. बॅटरीची हमी सहसा 8 वर्षे किंवा 1 लाख 60 हजार किमी असते, पण पुराचे नुकसान हमीत धरतात असे समजू नये.

उद्यमनगरातले आमचे मिस्त्री भाऊ या गाड्यांकडे नाराजीने पाहतात, आणि त्यांचे चुकत नाही. ऑइल, प्लग, क्लच, सायलेन्सर, सगळेच गेले. ब्रेक, सस्पेन्शन, टायर, एसी, डेंटिंग-पेंटिंग आणि गाद्यांचे काम मात्र राहिले आहे. नारिंगी रंगाच्या जाड वायरींना हात लावू नये, त्यात जीवघेणा दाब असतो; ते काम शिकूनच करावे. आयटीआयमध्ये विद्युत वाहन मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आता आहे. गॅरेजवाल्याचा मुलगा दहावी झाला असेल तर अर्ज भरण्याआधी जवळच्या आयटीआयमध्ये तो सुरू आहे का, याची चौकशी करून यावी.