स्वभाव आणि संकोच

‘स्वभावाला औषध नाहीं’ ही म्हण आपल्या घराघरांत चालत आली आहे. आणि ‘असल्या गोष्टी बोलूं नयेत’ हा तिच्याच जोडीचा अलिखित दंडक. म्हणीमुळें मनाचें दुखणें घरांत मुरत राहतें आणि दंडकामुळें दांपत्यजीवनांतलें. दोन्ही दुखणीं अखेरीस डॉक्टरांच्या दारीं जातात, पण वेष पालटून : कोणी झोंप येत नाहीं म्हणून, कोणी पाठ दुखते म्हणून, कोणी नुसता ‘अशक्तपणा’ म्हणून. आम्ही वैद्यकाचे पदवीधर नव्हे. आमचा जन्म शाळेंत गेला. तथापि प्रत्येक कुटुंबाच्या सौख्याशीं ह्या विषयाचा संबंध असल्यामुळें, डॉक्टर हीं दुखणीं कशीं ओळखतात व त्यांवर काय करतात, हें वाचकांपुढें मांडणें आम्हांस अवश्य वाटतें.

प्रथम स्वभावाविषयीं. तापट, हट्टी, संशयी वा एकलकोंडा मनुष्य म्हणजे रोगी नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची अकरावी आवृत्ति १ जानेवारी २०२२ पासून अंमलांत आली. तींत व्यक्तिमत्त्वविकाराची कसोटी दिली आहे, ती अशी : स्वतःविषयींची धारणा किंवा इतरांशीं असलेले संबंध बिघडलेले असावेत, तो बिघाड दोन वर्षें वा अधिक टिकलेला असावा, तो घर, कचेरी, मित्रमंडळी अशा अनेक ठिकाणीं दिसावा, आणि त्यापायीं मनुष्यास यातना किंवा व्यवहारांत मोठी अडचण होत असावी. पूर्वीच्या बहुविध जातींऐवजीं आतां सौम्य, मध्यम व तीव्र अशी प्रतवारी मुख्य मानली आहे. सासूशीं पटत नाहीं एवढ्यावरून सुनेस, किंवा वडिलांचा शब्द मोडला म्हणून मुलास हा शिक्का मारणें अज्ञानाचें लक्षण होय. विचारी डॉक्टरहि पहिल्याच भेटींत निदान करीत नाहींत. विषण्णता, मद्यपान, कंठस्थ ग्रंथीचा विकार ह्यांपैकीं कांहीं मुळाशीं आहे काय, हें ते आधीं तपासतात.

हा विकार मुळांतून उपटणारी गोळी अद्याप निघालेली नाहीं. मुख्य उपचार संवादाचा आहे. ज्यांस भावनांचा आवेग व आत्मघाताचे विचार अनावर होतात, त्यांच्यासाठीं अमेरिकेंतील मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांनीं एक पद्धति घडविली व १९९३ मध्यें ती ग्रंथरूपानें मांडली. संकट सोसावें कसें, भावना आवरावी कशी, नातें राखावें कसें, हें तींत शाळेंतील पाठांप्रमाणें सरावानें शिकवितात. तारुण्यांत आपण स्वतः रुग्णालयांत अशाच यातना भोगल्या होत्या, हें ह्या विदुषीनें २०११ मध्यें जाहीरपणें सांगितलें. तेव्हां वरील म्हण कितपत खरी, हें वाचकांनींच ठरवावें. कुटुंबाच्या डॉक्टरांनीं करावयाचें तें साधें आहे : भेटीची वेळ ठरलेली असावी, मर्यादा आरंभींच स्पष्ट कराव्या, न पाळतां येणारें वचन देऊं नये, आणि औषध एका वेळीं थोडेंच द्यावें. मात्र ‘मी जीव देईन’ हे शब्द कोणीहि नाटक समजूं नयेत. २०२२ पासून १४४१६ ह्या क्रमांकावर सरकारी ‘टेली-मानस’ सेवेचा आधार मिळतो.

आतां संकोचाचा विषय. आपले प्राचीन वैद्य ह्याबाबत आपल्याइतके लाजाळू नव्हते. चरकसंहितेंत क्लैब्याचे चार प्रकार वर्णिले आहेत, आणि मनाच्या खिन्नतेनें येणारें क्लैब्य सुश्रुतानें वेगळें सांगितलें आहे. पुढें मात्र मौन पडलें, र. धों. कर्वे यांनीं १९२७ सालीं ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढून तें मोडलें, तर त्यांस न्यायालयांत दंड भरावा लागला. त्या मौनाचा लाभ रस्त्याकडेला तंबू ठोकणारे भोंदू घेतात. शुक्र हा देहाचा सातवा धातु, तो गेला कीं शक्ति गेली, ह्या धास्तीनें कित्येक तरुण खंगतात. ह्याच अवस्थेस डॉ. नरेंद्रनाथ विग यांनीं १९६० मध्यें ‘धात’ ह्या आपल्याकडील शब्दावरूनच नांव दिलें. स्वप्नावस्थेंतील स्राव स्वाभाविक आहे, एवढें समजल्यानेंच पुष्कळांचें अर्धें दुखणें सरतें.

पुरुषाचें शैथिल्य अकस्मात आलें कीं हळूहळू, पहाटे ताठरता येते कीं नाहीं, कोणतीं औषधें चालू आहेत, हे प्रश्न डॉक्टर विचारतात ते उगीच नव्हे. मधुमेह, रक्तदाब, तंबाखू आणि रक्तदाबाचीं वा मनाचीं कांहीं औषधें ह्यांमुळेंहि असें होतें. शिवाय त्या इंद्रियाच्या रक्तवाहिन्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांहून बारीक असल्यामुळें हृद्रोगाची सूचना कधीं कधीं प्रथम तेथें मिळते. लाजेपायीं ही तक्रार दडविणारा गृहस्थ हृदयाचीहि तपासणी लांबवितो. १९९८ मध्यें आलेलें सिल्डेनाफिल पुष्कळांस गुणकारी ठरलें. परंतु छातींतील कळेसाठीं नायट्रेट घेणाऱ्यास तें प्राणघातक ठरूं शकतें, म्हणून तें परस्पर दुकानांतून आणूं नये. स्त्रियांच्या वेदना, स्नायूंचा आकस, ऋतुनिवृत्तीनंतरचा कोरडेपणा हीं ‘सोसावयाचीं’ दुखणीं नव्हत. त्यांवरहि उपाय आहेत. मास्टर्स व जॉन्सन ह्यांनीं १९७० मध्यें मांडलेल्या पद्धतींत कांहीं काळ समागम वर्ज्य करून पतिपत्नींस केवळ स्नेहस्पर्शाचा अभ्यास सांगतात. परीक्षेची भीति गेली कीं देह सहसा आपलें काम करूं लागतो.

वडीलधाऱ्यांस आमची एवढीच विनंति आहे. विवाहानंतर मुलगा वा सून कोमेजलेली दिसल्यास दोष कोणाचा ह्याचा पंचनामा करूं नये. नवस वा दुसऱ्या सोयरिकीची भाषा तर मुळींच नको. दोघांस डॉक्टरांकडे जाऊं द्यावें, आणि आपण बाहेरच्या बाकावर बसावें. जाणाऱ्यास फार शब्दांची गरज नाहीं. ‘डॉक्टर, एक खासगी गोष्ट बोलावयाची आहे,’ एवढें वाक्य उच्चारलें, म्हणजे पुढचे प्रश्न विचारणें डॉक्टरांचें काम आहे.