दिवेलागणीनंतरचा काटा

दुपारी सोनपेठमध्ये ट्रान्झिस्टरवर परभणी आकाशवाणी लावा. मीडियम वेव्ह, १३०५ किलोहर्ट्झ. सरळ रेषेत चाळीसएक किलोमीटरवरून जमिनीला धरून लहरी येतात. काटा थोडा सरकवला की नुसती खरखर. तोच काटा दिवेलागणीनंतर फिरवा: शेकडो किलोमीटर दूरचं स्टेशन लागतं, बुडतं, पुन्हा वर येतं. रात्र शांत असते म्हणून दूरचं ऐकू येतं, असं वाटणं साहजिक आहे. कारण मात्र डोक्यावर आहे.

साधारण ६० किलोमीटरच्या वर सूर्याचे अतिनील आणि क्ष-किरण हवेच्या कणांतून इलेक्ट्रॉन सुटे करतात. हे आयनांबर. त्याचा ६० ते ९० किलोमीटरमधला तळचा थर दिवसाच बळकट असतो. लहर आली की तिथले इलेक्ट्रॉन तिच्या तालावर हलतात. पण त्या उंचीवर हवा अजून बरीच दाट, त्यामुळे ते शेजारच्या कणांवर आदळत राहतात आणि लहरीची ऊर्जा तिथेच जिरते. मीडियम वेव्हला हा थर दिवसभर गिळतो.

सूर्य मावळला की सुटे इलेक्ट्रॉन झपाट्याने पुन्हा जोडले जातात, थर विरतो. दोन-तीनशे किलोमीटरवरचा थर मात्र टिकतो, कारण तिथल्या विरळ हवेत जोडीदार लवकर भेटत नाही. आता मोकळी वाट मिळालेली लहर तिथवर जाते, वाकते, दूर कुठेतरी खाली उतरते. वेगवेगळ्या वाटांनी आलेल्या लहरी कधी एकमेकींना साथ देतात, कधी खोडतात. आवाज बुडतो तो म्हणून.

वारंवारता वाढवली की हाच आरसा खिडकी होतो. शंभर मेगाहर्ट्झच्या आसपासचं एफएम सहसा आरपार निघून जातं, म्हणून ते जवळपासचंच. उलट दिशेने, अवकाशातून येणाऱ्या लहरींपैकी साधारण १० मेगाहर्ट्झच्या खालच्या बहुतेक वरूनच परत फिरतात. उपग्रहांचे जीपीएस संकेत आत येतात, पण उशीर होऊन. हा उशीर सेकंदाच्या कोट्यवधीव्या भागांचा असला तरी दुरुस्त केला नाही तर जागा कित्येक मीटर चुकते. ई-पीक पाहणीसाठी बांधावर फोटो काढणाऱ्याच्या मोबाइलला आयनांबराच्या थराचा अंदाज बांधावाच लागतो. दोन वारंवारता वापरल्या तर काम सोपं: कमी वारंवारतेला उशीर जास्त, आणि दोघींतल्या फरकावरून थर किती दाट ते कळतं.

जुन्नर तालुक्यातल्या खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीणही सोनपेठसारखीच १९ अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, सुमारे २५ किलोमीटरवर पसरलेल्या. प्रत्येकीच्या डोक्यावरचं आयनांबर किंचित वेगळं, त्यामुळे दीर्घिकेचं चित्र हलतं. ते गणिताने सावरावं लागतं. चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जातं. त्या पट्ट्यात सूर्यास्तानंतर विरळ आयनांचे बुडबुडे वर उसळतात, विशेषतः मार्च आणि सप्टेंबरच्या आसपास, आणि ते उत्तरेकडे इथवरही पसरू शकतात. अशा संध्याकाळी सोनपेठच्या रेडिओवर दूरची स्टेशनं लागू लागतात, तेव्हाच खोडदला आकाशातले रेडिओस्रोत लुकलुकायला लागतात.