ईदची साफसफाई शाबानमध्येच उरकलेली बरी

रमजानचा शेवटचा आठवडा आला की जुन्नर, नारायणगाव, मंचर, घोडेगाव या गावांतल्या बऱ्याच मुस्लिम घरांत एकच धांदल दिसते. पडदे दोरीवर, गाद्या गच्चीवर, डबे अंगणात आणि घरातली बाई स्टुलावर उभी राहून पंखा पुसत असते. सहेरी साडेपाचच्या आत झालेली, रोजा सुटायला पावणेसात वाजायचे, आणि त्याआधी इफ्तारची भजी तळायचीच आहेत. दिवाळीच्या आधी हिंदू घरांतही असेच असते. फरक एवढाच की दिवाळीची साफसफाई करणाऱ्या बाईने मध्ये दोनदा चहा घेतलेला असतो.

थकवा एका झोपेत निघून जातो, वेळ मात्र परत मिळत नाही. रमजानचे शेवटचे दहा दिवस या महिन्याचा गाभा मानले जातात. कुरआन ज्या रात्री उतरले ती ‘लैलतुल कद्र’ याच दहा दिवसांतल्या विषम रात्रींमध्ये शोधायची असते. पुरुष मशिदीत तरावीहला जातात, काही जण एतेकाफला बसतात, म्हणजे हे दिवस मशिदीतच राहून इबादतीत घालवतात. त्याच रात्री घरातली अम्मी स्वयंपाकघराच्या फळ्या घासत असते. महिना सगळ्यांचा आणि जळमटे एकटीची, अशी ही वाटणी आहे.

ही घाई धर्माने सांगितलेली नाही. नमाजसाठी शरीर, कपडे आणि जागा ‘पाक’ असावी लागते. पण पाक आणि चकचकीत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कपाटावरच्या धुळीने घर नापाक होत नाही. उलट पाणी मिळत नसेल तेव्हा वजूऐवजी तयम्मुम करतात आणि त्याला स्वच्छ मातीच लागते. ईदला घर सजवावे, पाहुण्यांसाठी ते नीटनेटके असावे, हा रिवाज चांगलाच आहे. मात्र त्याची वेळ बदलता येते.

शाबान हा रमजानच्या आधीचा महिना. त्याच्या मध्यावर शब-ए-बरात येते आणि तिथून रमजानच्या चाँदपर्यंत साधारण दोन आठवडे मिळतात. मोठी कामे तेव्हाच काढावीत. एका दिवशी एकच खोली घ्यावी किंवा एकच कपाट. गाद्या-उशांना दोन्ही बाजूंनी ऊन द्यायचे तर शाबानमधली एखादी सुटीची दुपार पुरते. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकतो. सध्या तो फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास येतो. तेव्हा नारायणगावच्या बाजूला द्राक्षांची तोडणी चालू असते, शिवजयंतीमुळे जुन्नरला गर्दी असते, आणि मजुरीला जाणाऱ्या बाईला घरासाठी सलग दिवस मिळणे अवघडच. म्हणून रोज वीस मिनिटांचे काम धरावे.

सुरुवात काढून टाकण्यापासून करावी. घर अस्ताव्यस्त दिसते ते बहुतेक वेळा नको असलेल्या सामानामुळे. मुलांना तोकडे झालेले कपडे, जास्तीची भांडी, न वापरलेल्या चादरी एका बाजूला काढून रमजानच्या आधीच गरजूंच्या घरी पोचवाव्यात. त्यांनाही ईदची तयारी करायची असते. फाटके-विटके मात्र देऊ नये. जी वस्तू आपण स्वतः घेणार नाही ती दानात देऊ नये, अशी कुरआनची स्पष्ट ताकीद आहे.

धुळीचे काम वरून खाली करायचे. आधी छत आणि पंखे, मग फळ्या, शेवटी फरशी. पुणे-नाशिक महामार्गालगतच्या मंचर, नारायणगावच्या घरांत धूळ रोजचीच, तिला कोरड्या फडक्याने झटकले की ती उडून पुन्हा तिथेच बसते. ओलसर पिळलेले फडके घ्यावे. पंख्याच्या पात्याला जुना उशीचा अभ्रा चढवून ओढून काढला तर धूळ अभ्र्यातच राहते, डोक्यावर पडत नाही. खिडकीच्या काचा वर्तमानपत्राने छान पुसल्या जातात. रमजानच्या पानावर आयत किंवा अल्लाहचे नाव छापलेले असते, म्हणून ते पान अदबीने बाजूला ठेवून बाकीची वापरतात.

फरशी आणि ओट्याच्या बाबतीत मात्र एक चूक घरोघरी होते. जुन्या घरांत शहाबादी फरशी आणि कडप्प्याचा ओटा असतो. हे दोन्ही दगड चुनखडीचे. लिंबू, व्हिनेगर किंवा बाजारातले ॲसिड लागले की त्यांचा वरचा थर खाल्ला जातो आणि पांढुरका डाग पडतो. तो मळ नसतो, त्यामुळे घासून जात नाही. बाई घासत राहते आणि डाग वाढत राहतो. या दगडांना कोमट पाणी आणि थोडा भांड्यांचा साबण पुरतो. बोअरच्या जड पाण्याने नळावर धरलेला पांढरा थर मात्र लिंबाच्या फोडीने निघतो. दहा मिनिटे लावून ठेवावे, पुसावे, फक्त थेंब ओट्यावर पडू देऊ नये. व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र करण्याचा सल्ला हल्ली सगळीकडे ऐकू येतो. फेस भरपूर येतो, पण दोघे एकमेकांचा जोर काढून टाकतात.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे संडास-बाथरूमचे ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र करू नये, एकावर एक ओतूही नये. त्यातून क्लोरीन वायू सुटतो. बंद बाथरूममध्ये त्याने श्वास कोंडतो, जिवावरही बेतू शकते. दार-खिडकी उघडी ठेवून एका वेळी एकच वस्तू वापरावी.

आधी घरे चुन्याने रंगत. जुन्नरचा हातकागद एकेकाळी नावाजलेला होता आणि तो बनवणाऱ्या कागदी कुटुंबांना चुना काय करतो हे चांगले ठाऊक असे, कारण कागदाचा लगदा चुन्यात मुरवून, धुवून तयार होई. मातीच्या आणि दगडी भिंतींना चुन्याची सफेदी आजही उत्तम. त्यात थोडी नीळ घातली की पांढरा खुलतो, आणि ओल्या भिंतीवर बुरशी लवकर धरत नाही. पश्चिमेकडे डिंभे, भीमाशंकरच्या बाजूला पावसाळाभर भिंती ओलावतात, तिथे तर हा स्वस्तातला इलाज आहे. ऑइलपेंटवर चुना टिकत नाही आणि तो डोळ्यात जाऊ देऊ नये, एवढे सांभाळावे.

प्रत्यक्ष रमजानमध्ये खरे काम उरते ते तेलाचे. रोज तळण झाले की ओट्यामागच्या भिंतीवर चिकट थर बसतो आणि महिनाअखेर तो खरवडावा लागतो. शेगडी कोमट असतानाच साबणाच्या फडक्याने भिंत आणि शेगडी पुसली तर दोन मिनिटांचे काम आहे. उरलेले तेल मोरीत ओतू नये, थंडीत ते गोठून नळी तुंबते.

हे दोन मिनिटांचे काम कोण करणार? हजरत आयेशा यांना कुणी विचारले की पैगंबर (स.) घरी असताना काय करत. त्यांनी सांगितले की ते घरच्यांच्या कामात हातभार लावत आणि नमाजची वेळ झाली की उठून जात. आपली चप्पल ते स्वतः सांधत, कपड्याला ठिगळ स्वतः लावत. या परंपरेचा उल्लेख जुम्म्याच्या बयानात अधूनमधून होतो, पण इफ्तारनंतर दस्तरखान कोण उचलतो ते घरोघरी पाहावे. ताटे मुलांनी उचलावीत, खजुराच्या बिया आणि कागदी प्याले थोरल्याने गोळा करावेत, शेगडी अब्बांनी पुसावी. तरावीहला निघण्याआधी हे दहा मिनिटांत होते. रस्त्यावरचा काटा-खडा बाजूला करणे हाही ईमानचाच भाग सांगितला आहे, तेव्हा गल्लीत उडालेले प्याले उचलायलाही हरकत नसावी.

असे झाले तर चाँदरातीला फार काही उरत नाही. नवे अभ्रे चढवायचे, उंबरठा पुसायचा, शिरखुर्म्यासाठी खारीक-बदाम भिजत घालायचे, आणि सकाळी ईदगाहला जाणाऱ्यांचे कपडे खुंटीला लावून ठेवायचे.