अ‍ॅप आपले, पण वही कोणाच्या घरी?

वस्तीत काम करताना आम्ही एक गोष्ट वारंवार पाहिली आहे. मंडळाच्या सभासदांची वही एकाच माणसाच्या घरी असली आणि तो रुसला, की मंडळाचे काम अडते. आज अनेक गट स्वतःचे अ‍ॅप काढू पाहत आहेत, आपल्यातले बरेच तरुण या क्षेत्रात नोकरीही करतात. म्हणून तोच प्रश्न नव्याने विचारायला हवा. लोकांनी अ‍ॅपमध्ये येणे, ओळखीची माणसे शोधणे, चर्चा करणे या सोयी आपण स्वतः बांधायच्या की फेसबुक, गूगलसारख्या कंपन्यांच्या तयार सोयी जोडायच्या?

तयार सोयीचा फायदा खरा आहे. 'फेसबुकने लॉगिन करा' हे बटण लावले की लोकांना नवा पासवर्ड लक्षात ठेवावा लागत नाही आणि तो सांभाळण्याची जोखीमही आपल्यावर राहत नाही. हाताशी पैसा आणि माणसे कमी असतील तर हा मोह होणारच.

पण ही सोय देणारा ती कधीही काढून घेऊ शकतो. २०१२ मध्ये ट्विटरने इन्स्टाग्रामची 'मित्र शोधा' ही सोय बंद केली. जानेवारी २०१३ मध्ये ट्विटरचे 'वाइन' अ‍ॅप आले, तेव्हा फेसबुकने त्याला तीच सोय नाकारली. मोठ्या कंपन्या एकमेकींशी असे वागतात, तिथे छोट्या गटाचे कोण ऐकणार? जुलै २०२० मध्ये फेसबुकच्या जोडलेल्या कोडमधील बिघाडामुळे आयफोनवर स्पॉटिफाय, पिंटरेस्टसारखी अ‍ॅप उघडताच बंद पडत होती. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक सुमारे सहा तास बंद होते. केवळ त्याच लॉगिनवर विसंबलेल्यांना तोवर दार बंदच होते.

दुसरा प्रश्न माहितीचा. एका जर्मन कपडेविक्रेत्याने आपल्या संकेतस्थळावर फेसबुकचे 'लाइक' बटण लावले होते. बटण न दाबणाऱ्यांची, फेसबुकवर नसलेल्यांचीही माहिती त्यातून फेसबुककडे जात होती. ती गोळा करून पाठवण्याची जबाबदारी विक्रेत्याचीही आहे, असा निकाल युरोपीय संघाच्या न्यायालयाने २०१९ मध्ये दिला. चळवळीत कोण कोणाशी जोडलेले आहे, ही माहिती किती नाजूक असते, हे कार्यकर्त्यांना वेगळे सांगायला नको.

मग सगळे स्वतःच बांधावे का? तसेही नाही. स्वतःची चर्चा सुरू केली की शिवीगाळ आवरणे, मुलींचे फोटो गैरवापरापासून जपणे, माहितीची प्रत ठेवणे, हे सगळे आपल्याच अंगावर येते. रोज लक्ष द्यायला माणूस नसेल तर चर्चेची सोय उघडूच नये.

आमच्या मते कसोटी एकच: ही सोय उद्या बंद झाली तर आपल्याकडे काय उरेल? शेअर करण्यासाठी साधी लिंक पुरते, कंपनीचा कोड घालायची गरज नाही. लॉगिन उसने चालेल, पण सोबत मोबाइल क्रमांक किंवा ईमेलचा दुसरा रस्ता हवाच. सभासदांची यादी, त्यांचे परस्परसंबंध आणि त्यांचे लिखाण मात्र आपल्याकडेच असावे. त्यातही लागेल तेवढीच माहिती घ्यावी आणि ती किमान दोन जबाबदार माणसांच्या ताब्यात असावी. नाहीतर कंपनीच्या घरातून काढलेली वही पुन्हा एकाच कार्यकर्त्याच्या घरी जाऊन बसेल.