निराळ्या संगणकांचे घरगुती जाळे

एका घरात दोन संगणक आहेत. एकावर विंडोज आणि दुसऱ्यावर लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम आहे. एकावरची फाइल दुसऱ्यावर हवी असली, की पेनड्राइव्ह घेऊन येरझारा घालाव्या लागतात. हे दोघे एकमेकांशी सरळ बोलू शकणार नाहीत का?

ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे संगणकाचा सारा कारभार पाहणारा प्रोग्रॅम. फाइल डिस्कवर कोठे ठेवायची, तिचे नाव कसे ओळखायचे, हे तीच ठरवते, आणि प्रत्येकीची रीत निराळी असते. एकच नाव कॅपिटल व स्मॉल अक्षरांत लिहिले, तर लिनक्स त्या दोन फाइली मानते. विंडोज सामान्यतः एकच मानते.

तारेला मात्र यातले काहीच ठाऊक नसते. तिच्यातून जातात ते विजेच्या दाबातील चढउतार. त्यांचा अर्थ लावण्याचे नियम दोन्ही संगणकांना मान्य असले म्हणजे झाले. या नियमांना प्रोटोकॉल म्हणतात. पत्र पाठवणारा चाळीत राहतो की वाड्यात, याच्याशी टपालखात्याला कर्तव्य नसते. पत्ता ठरलेल्या रीतीने लिहिलेला असावा लागतो. आपल्या जाळ्यात असे तीन टप्पे आहेत.

पहिला टप्पा जोडणीचा. दोन्ही संगणक इथरनेट केबलने राऊटरला जोडा. या केबलमध्ये ८ तारांच्या ४ जोड्या असतात आणि प्रत्येक जोडी पीळ दिलेली असते. पिळामुळे बाहेरचा विद्युतचुंबकीय अडथळा दोन्ही तारांवर जवळजवळ सारखाच पडतो. ग्राहक संगणक दोन तारांमधील फरक मोजतो, म्हणून तो अडथळा वजा होऊन जातो.

दुसरा टप्पा पत्त्याचा. राऊटर प्रत्येक संगणकाला चार अंकगटांचा पत्ता देतो, समजा, १९२.१६८.१.१० आणि १९२.१६८.१.११. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते खाजगी जाळ्यांसाठी राखून ठेवलेले आहेत. म्हणून तुमच्या व शेजाऱ्यांच्या घरी तोच पत्ता असला तरी घोटाळा होत नाही. पत्त्यांच्या या पद्धतीचा पाया व्हिंट सर्फ व बॉब कान यांनी १९७४ च्या एका निबंधात घातला. आता एका संगणकावर ‘पिंग’ ही आज्ञा व दुसऱ्याचा पत्ता टाइप करा. उत्तर आले, तर वाट मोकळी आहे. न आल्यास केबल तपासा. तसेच विंडोजची फायरवॉल उत्तर अडवत नाही ना, तेही पाहा.

तिसरा टप्पा फाइल मागण्याच्या भाषेचा. विंडोजची ही भाषा म्हणजे एसएमबी. लिनक्सला ती बोलता येते ती सांबा या प्रोग्रॅममुळे. त्याची कथा मनोरंजक आहे. डिसेंबर १९९१ मध्ये ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा येथे पीएच.डी. करणाऱ्या अँड्र्यू ट्रिजेल याला दोन निराळे संगणक जोडायचे होते. नियमावली हाताशी नव्हती. त्याने तारेवरचे संदेश टिपले, कोणत्या मागणीला कोणते उत्तर जाते ते पाहिले आणि तशीच उत्तरे देणारा प्रोग्रॅम लिहिला. सुमारे दोन वर्षांनी घरात पत्नीचा संगणक आपल्या लिनक्सच्या संगणकाला जोडताना तोच प्रोग्रॅम त्याच्या कामी आला. निरीक्षणातून नियम शोधण्याची ही रीत विज्ञानाचीच नव्हे काय?

एक सावधगिरी हवी. सबंध डिस्क खुली करू नका. एकच फोल्डर सामाईक ठेवा व त्याला पासवर्ड द्या. एसएमबीची पहिली आवृत्ती बंदच ठेवा. २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ हा उपद्रवी प्रोग्रॅम तिच्यातील उणिवेचा फायदा घेऊन जगभर पसरला होता.

आता एक प्रयोग करा. प्रथम केबलने व नंतर वाय-फायने २०-२० वेळा पिंग करून लागलेला वेळ मिलिसेकंदांत मांडा. केबलमधून संदेश १ मायक्रोसेकंदात सुमारे २०० मीटर जातो. तुमची केबल तर जेमतेम १० मीटर असेल. मग उरलेला वेळ कोठे खर्च होतो? तक्ता समोर ठेवून वर्गात चर्चा करा.