गळ्यातला कबीर आणि आमच्या वह्या

बाबासाहेबांनी आपले तीन गुरू सांगितले : बुद्ध, कबीर आणि फुले. बुद्धवंदना आपल्या घरोघरी होते. फुल्यांची जयंती आपण करतो. पण कबीर? बाबासाहेबांचे वडील कबीरपंथी होते, एवढ्यावर आमची माहिती संपते. म्हणून माळव्यातली एक हकिकत वाचकांपुढे ठेवीत आहोत. बाबासाहेबांचे जन्मगाव महू याच माळव्यात आहे.

माळव्यातल्या खेड्यांत दलित समाजातील शेतकरी-मजूर रात्र रात्र तंबोऱ्यावर कबीर गातात. अक्षरओळख नसलेल्यांनीही ही हिंदी पदे तोंडपाठ जपली. नव्वदच्या दशकात देवासला 'एकलव्य' या शैक्षणिक संस्थेने अशा गायकांना जमवून 'कबीर भजन एवं विचार मंच' चालविला. दर महिन्याच्या दोन तारखेला मंडळी जमत. भजन होई आणि चर्चाही होई. आपण गातो त्याचा अर्थ काय? कबीर जातपात मोडायला सांगतो, मग आपण ती का पाळतो?

या मंडळींपैकी प्रल्हादसिंह टिपानिया हे उज्जैन जिल्ह्यातील लुनियाखेडीचे शाळामास्तर. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. अमेरिकेतील अभ्यासक लिंडा हेस यांनी शुकदेव सिंह यांच्याबरोबर कबीराचे 'बीजक' इंग्रजीत आणले होते. पोथीतला कबीर जाणणाऱ्या या बाई गळ्यातला कबीर शिकायला टिपानियांच्या अंगणात बसल्या आणि २०१५ साली त्यांनी त्यावर ग्रंथ लिहिला. बंगळूरच्या सृष्टी कलासंस्थेतून शबनम विरमानी यांनी हीच गाणी ध्वनिमुद्रित केली, चित्रपट काढले. गायक शिकवणारा आणि विद्वान शिकणारा, हे आम्हाला फार मोलाचे वाटते.

सगळे गोडीगुलाबीने झाले असे नाही. टिपानियांनी कबीरपंथाचे महंतपद घेतले, चौका आरती करू लागले, तेव्हा जुन्या मित्रांनीच जाब विचारला : ज्याने कर्मकांड झिडकारले, त्याच्याच नावाने कर्मकांड? विरमानींच्या 'कबीरा खड़ा बाज़ार में' या चित्रपटात हा वाद आहे. गुरूचा विचार धरायचा की नुसती आरती, हा प्रश्न आपल्यालाही चुकलेला नाही.

आता आपल्या घरात डोकावू या. जलशात गायलेल्या आजोबांची वही कुठे आहे? वामनदादा कर्डक २००४ साली गेले. त्यांच्या मागे बसून कोरस धरणारे आज म्हातारे झाले आहेत. आजीच्या ओव्यांतले भीमराव तर पुष्कळदा कुठल्या कागदावरच नसतात. ती गेली की ओवीही गेली!

कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींनो, मोबाईल तुमच्या खिशात आहे. येत्या रविवारी आजीजवळ बसा. गाणे कोणाचे, कोणत्या गावचे, कोणाकडून शिकली, हे विचारा आणि लिहून ठेवा. मग विहारात सगळ्यांसमोर वाचा, अर्थावर भांडासुद्धा. माळव्यातल्या मजुरांना जे जमले, ते आपल्याला का जमू नये?

जय भीम!